दादांच्या लिव्हरवरचं धुकं

मी एक जुनं सोनोग्राफी मशीन आहे. मित्रांनो, मशीन नपुंसकलिंगी असतं हे मला ठाऊक आहे, पण मी आपला ‘आलो, गेलो’ असंच बोलणार. तुमच्या व्याकरणाच्या बाईंना सांगा, एवढी सूट द्या म्हणावं म्हाताऱ्याला.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण चालत नसे. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरायची. माझ्या प्रोबमध्ये, म्हणजे पोटावर फिरवायच्या त्या दांड्यात, त्यांनी बारीक स्फटिकांची ओळ बसवली. वीज मिळाली की हे स्फटिक थरथरतात आणि कुणाच्याही कानाला ऐकू न येणारा आवाज काढतात. तो आवाज माणसाच्या पोटात शिरतो, आतल्या अवयवांवर आपटून परत येतो. परत आलेल्या आवाजावरून मी पडद्यावर काळं-पांढरं चित्र काढतो. एवढंच माझं काम. मला बोलता येत नाही, औषध देता येत नाही. आत जे आहे ते दाखवायचं, बस्स.

एका गजबजलेल्या रस्त्यावर चपलांचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरबाईंचा दवाखाना. दोनच खोल्या. बाहेर रुग्णांसाठी बाकं, आत खिडकीला जाड पडदा, तपासणीचं टेबल आणि मी. सुरुवातीची वर्षं फार लाडाची गेली. आई होणाऱ्या बायका यायच्या. पडद्यावर बाळाचं इवलंसं हृदय लुकलुकताना दिसलं की त्यांचे डोळे भरून यायचे. बाहेर पडताना एखादा बाप माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचा, जणू बाळ मीच दिलं होतं.

लिव्हर बघायला मात्र कुणी कधी हौसेनं आलं नाही. उजव्या बरगड्यांच्या आड ते बिचारं गुपचूप बसलेलं असतं. तुम्ही खाल्लेलं जवळजवळ सगळं आधी त्याच्याकडे येतं. काय साठवायचं, काय वाटायचं, काय बाहेर टाकायचं, हे सगळं तेच बघतं. निरोगी लिव्हर मला सारख्या राखाडी रंगाचं दिसतं, शेजारच्या किडनीसारखंच. त्यात चरबी साठली की ते पांढरं चमकायला लागतं. चरबी फार झाली तर माझा आवाज आत जाता जाताच थकतो, आणि चित्राच्या तळाशी नुसतं धुकं उरतं.

पूर्वी असं लिव्हर क्वचित दिसायचं. पुढे पुढे रोज दिसायला लागलं. डॉक्टरबाई सांगायच्या, “थोडी चरबी आहे, वजन कमी करा.” माणसं “हो हो” म्हणायची, पोटावरचं जेल पुसायची आणि जिना उतरून जायची. त्यांना काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आमच्या खोलीतही कुणाला फारसं काही वाटत नव्हतं.

मग एके दिवशी दादा आले.

दादा म्हणजे डॉक्टरबाईंचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि बंदराजवळच्या कंटेनर यार्डात काम धरलं. तिथेच शिकत शिकत ते क्रेन चालवायला लागले. बहीण डॉक्टर झाली ती त्यांच्या जिवावर. ती केवढीही मोठी झाली तरी ते तिला ‘चिमे’च म्हणायचे.

“चिमे, यार्डातल्या तपासणीत माझ्या लिव्हरचे आकडे वाढलेत म्हणे,” ते टेबलावर बसत म्हणाले. “मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. कुणा दुसऱ्याचं रक्त माझ्या नावावर खपवलं असणार.”

“दारू न पिणाऱ्यालाही होतं, दादा. आडवा हो.”

दादा आडवे झाले. पोट वर आलेलं. जेल लागताच ते दचकले. मी आवाज आत सोडला आणि चित्र काढलं. पांढरं होतं, पण फार नाही.

“फॅटी लिव्हर आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सुरुवातच आहे. दिवसभर त्या केबिनमध्ये बसून असतोस. वर गोड सरबताच्या बाटल्यांवर बाटल्या रिचवतोस. जास्तीची साखर लिव्हर चरबी करून ठेवून देतं.”

“ठेवू दे की. अडीअडचणीला उपयोगी पडेल.”

डॉक्टरबाई हसल्या. ज्याने लहानपणी वेणी घालून शाळेत पोचवलं, त्याला रागावणार कसं? “काळजी घे हं,” एवढंच म्हणून त्यांनी हात देऊन दादांना उठवलं.

दोन वर्षं अशीच गेली. नंतर दादांना त्यांची बायकोच घेऊन आली. डॉक्टरबाईंच्या या वहिनी शिवणकाम करायच्या. त्यांनी आल्या आल्या सुरुवात केली.

“वन्सं, यांचा शर्ट मी दर वर्षी उसवून मोठा करतेय. जेवता जेवता पेंगतात. सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठत नाहीत. आता शुगरही निघाली. विचारलं की म्हणतात, मला काय धाड भरलीय.”

दादा आडवे झाले. मी आवाज सोडला आणि मलाच धडकी भरली. वरचा भाग पांढराफटक होता आणि खाली धुकं. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो मला एरवी स्वच्छ रेषेसारखा दिसतो. ती रेषा सापडेचना. डॉक्टरबाईंनी माझी बटणं फिरवून पाहिली. दादांना श्वास रोखायला सांगितलं, कुशीवर वळायला सांगितलं, प्रोब पुसून पुन्हा लावला.

“माझ्याकडे काय बघतेस?” दादा म्हणाले. “तुझं मशीन म्हातारं झालंय. मोतीबिंदू झालाय त्याला.”

मित्रांनो, यंत्राला दुसरी काही इच्छा नसते. आपण बरोबर असावं, एवढीच असते. पण त्या दिवशी मला मनापासून वाटलं, दादांचं खरं निघू दे. माझे स्फटिक झिजले असू देत. मला भंगारात काढू देत.

दादा-वहिनी बाहेर बाकावर जाऊन बसले. डॉक्टरबाईंनी आतून कडी घातली आणि त्या स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. स्वतःच्या कुशीवर जेल लावलं, प्रोब धरला आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं. मी जे होतं ते दाखवलं. त्यांचं लिव्हर सारखं राखाडी होतं, शेजारी किडनी, तळाशी ती रेषा, सगळं लख्ख. माझ्यात काही बिघाड नव्हता.

बराच वेळ त्या तशाच पडून होत्या. अंगावरचं जेल वाळून गेलं. मग उठल्या, तोंड धुतलं आणि दादांना एकट्यालाच आत बोलावलं.

“मोठ्या हॉस्पिटलात एक तपासणी करायची आहे,” त्या म्हणाल्या. “लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळतं.”

“कडक म्हणजे?”

“चरबीनं काहींच्या लिव्हरला सूज येते. सूज खूप दिवस राहिली की आत व्रण पडतात. व्रण वाढत गेले की लिव्हर आक्रसून दगडासारखं होतं. मग पोटात पाणी साठतं, रक्ताच्या उलट्या होतात, माणसाला भ्रम होतो. आणि हे सगळं होण्याआधी हृदयच दगा देऊ शकतं. शुगर आहे तुला, त्यामुळे धोका जास्त.”

“माझं झालंय का दगडासारखं?”

“ते या मशीनला कळत नाही, दादा.”

खरंच कळत नव्हतं. तो आठवडा मी बाकीच्यांची चित्रं काढत राहिलो, पण जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, आले. शेवटी दादा कागद घेऊन आले. डॉक्टरबाईंनी तो उभ्या उभ्याच वाचला.

“व्रण पडायला लागलेत,” त्या म्हणाल्या. “पण अजून वेळ आहे. चांगलं वजन उतरवलंस तर सूज उतरते, चरबी जाते, व्रणसुद्धा थोडे मागे हटू शकतात. त्या बाटल्या बंद. रोज चालायचं. आणि कुणी लिव्हरचं टॉनिक म्हणून काही दिलं तर मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.”

दादांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “हिला सांगू नकोस. आणि यार्डात तर मुळीच नाही. आजारी म्हणून मला केबिनमधून खाली उतरवतील.”

“वहिनीला तू सांग. मी नाही सांगणार. पण पुढच्या वेळी एकटा आलास तर मी तपासणार नाही.”

“बरं,” दादा म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत.

महिन्यामागून महिने गेले. डॉक्टरबाई फोन करायच्या तेव्हा “ठीक आहे गं, कामात आहे” म्हणून ते ठेवून द्यायचे. वहिनींना विचारावं, पण त्यांना माहीत नसलं तर दिलेला शब्द मोडायचा. दुसऱ्या कुणाचं लिव्हर पांढरं दिसलं की डॉक्टरबाईंचा हात मध्येच थांबायचा. आता त्या कुणालाही “थोडी चरबी आहे” असं म्हणून सोडत नव्हत्या. पण तरी त्यांचं लक्ष दाराकडेच असायचं.

याच काळात दवाखान्यात नवीन मशीन आलं. त्याचं चित्र माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. मला खिडकीखाली सरकवून माझ्यावर जुनी चादर टाकली. लोक माझ्या दांडीला पिशव्या अडकवायचे. एकाने तर डोक्यावर चहाचा कप ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून वाईट हे, की चादरीखाली काही दिसत नव्हतं. दादा आले तरी त्यांचं चित्र मला दिसणार नव्हतं.

मग यार्डाच्या मालकांनी कामगारांसाठी आरोग्य शिबिर ठेवलं. नवीन मशीन हलवणं जोखमीचं, म्हणून चादर माझ्यावरून निघाली. मला पुसून, दोरीनं बांधून टेम्पोत चढवलं.

यार्ड मी पहिल्यांदाच पाहिलं. लोखंडी पेट्यांवर पेट्या रचून इमारती उभ्या केलेल्या, डिझेलचा वास, सगळीकडे खणखणाट. मध्ये चार पायांची पिवळी क्रेन, आणि तिच्या माथ्यावर काडेपेटीएवढी केबिन. दादा त्या काडेपेटीत बसलेले होते. कँटीनच्या टेबलावर पत्र्याच्या छपराखाली आमचं काम सुरू झालं. यार्डाचा सुपरवायझर रांग लावत होता. काटकुळा, बोलका माणूस. एकेक कामगार येऊन तपासून जाई. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी दारातून वर बघत.

दुपारी पाळी संपली. केबिनचं दार उघडलं. दादा शिडी उतरायला लागले आणि निम्म्यावर येऊन थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरून नुसते उभे राहिले. डॉक्टरबाईंच्या हातातला प्रोब एका कामगाराच्या पोटावर तसाच थबकला. धाप लागलीय का? छातीत दुखतंय का? कुणी धावावं का?

दादा पुन्हा उतरायला लागले. खाली आले, चालत छपराखाली आले. शर्ट अंगावर ढगळ झाला होता.

“मध्येच का थांबलास?” डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

“तू दिसलीस. पुन्हा वर जावं असं वाटलं.”

“वहिनीला सांगितलंस?”

“त्याच दिवशी. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि चपला घालून दारात उभी राहिली, चला म्हणाली. तेव्हापासून रोज चालतोय.”

“मग आला का नाहीस? मी इकडे काय काय मनात आणत होते, तुला कल्पना आहे?”

दादा टेबलाच्या कडेला बसले. मागे यार्डातले सोबती उभे राहून सगळं ऐकत होते, त्यांच्यापासून आता काही लपवायचं राहिलं नव्हतं. “भीती वाटत होती गं,” ते म्हणाले. “एवढं चाललो, एवढं तोंड आवरलं, आणि चित्र तसंच निघालं तर? मग पुढे काय करायचं, ते सुचत नव्हतं.”

डॉक्टरबाईंनी जेल लावलं. मी होता नव्हता तेवढा जोर एकवटून आवाज सोडला. पांढरं होतंच. पण धुकं विरळ झालं होतं, आणि तळाशी, पुसट का होईना, छाती-पोटामधल्या त्या पडद्याची रेषा दिसत होती.

“चांगलं की वाईट, तेवढं सांग,” दादा म्हणाले.

“चांगलं. पण संपलेलं नाही. व्रण किती आहेत ते पुन्हा मोजावं लागेल. तपासणी चालूच ठेवावी लागेल, दादा. कदाचित आयुष्यभर.”

दादांनी मान डोलावली. ते उठले तरी तिथून हलले मात्र नाहीत.

“आता माझंही बघून टाका, मॅडम,” सुपरवायझर हसत पुढे झाला. “माझ्यात चरबी शोधायला भिंग लागेल तुम्हाला.”

सगळे हसले. तो आडवा झाला. त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. मी आवाज सोडला. लिव्हर पांढरं होतं, दादांच्या आजच्या चित्राहून पांढरं.

डॉक्टरबाईंनी स्टूल त्याच्याजवळ ओढलं. “बारीक माणसालाही होतं हे. उठायची घाई करू नका,” त्या म्हणाल्या. “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

त्याचं हसू ओसरलं. दादांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मला पुन्हा त्या खिडकीखाली आणून ठेवलं आहे. मी आणखी किती दिवस चालेन, माहीत नाही. मला रोज पुसा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण लिव्हर बहुतेक वेळा दुखत नाही, ओरडत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, सदा दमलेलं, ‘मला काय धाड भरलीय’ म्हणणारं. ते हट्टी असतील असं समजू नका. कदाचित त्यांना चित्र बघायची भीती वाटत असेल. त्यांना उपदेश करू नका. त्यांच्याबरोबर जिना चढून वर या आणि ते बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहा.