वीणा गळ्यात असेस्तोवर

मी भित्री बाई न्हाई. गोठ्यात बिबट्या शिरला तवा पातेलं बडवत मीच पुढं गेले व्हते, घरातले बाप्ये मागं. पण औंदाच्या सप्त्यात जे भ्या पोटात शिरलं ते अजून निघंना.

सगळं त्या बाळासाहेबानं पेटवलं. पंचायतीची निवडणूक तोंडावर आन ह्याला सरपंच व्हायचं. रोज सकाळी ग्रुपवर मेसेज टाकायचा, पोरं पळवणारी टोळी मंचरपत्तूर आली, अनोळखी माणूस दिसला की धरा. आमच्या वाडीत कुणाची कोंबडी बी गेली नव्हती. तरी पोरांना काठ्या मिळाल्या, शिट्ट्या मिळाल्या, बाळासाहेबाचा फोटो छापलेले टीशर्ट मिळाले. माझा ल्योक पप्पू बी त्यात. मी त्याला लई शिव्या घातल्या, तर म्हणतो, तुला कळत न्हाई. पंधरा दिसामागं शेजारच्या वाडीत अशाच पोरांनी एका भांडीवाल्याला मारलं. त्यो अजून दवाखान्यात पडलाय, बायकोला वळखत न्हाई.

आन सप्त्याचा मांडव बी बाळासाहेबाचाच, बरं का. आदल्या दिवशी कीर्तनात महाराज म्हणले, मुंगीत जो हरी तोच माणसात, जगात परकं कुणी न्हाईच. बाळासाहेब पुढं बसून डोळं पुसत व्हता. मी बी पुसलं.

दुसऱ्या दिवशी दहा ते बारा वीणेचा पहारा माझा. सप्ताभर वीणा खाली टेकवत न्हाईत. एकानं गळ्यात घेऊन देवापुढं नाव घेत उभं राहायचं, वेळ झाली की दुसऱ्याला द्यायची. देताना दोघं एकमेकांच्या पाया पडत्यात. आन वीणेकऱ्याला पाया पडण्यापुरतंच शिवायचं, एरवी हात लावायचा न्हाई.

साडेअकराला शिट्ट्या वाजल्या. कपाळ फुटलेला एक माणूस पळत देवळात आला आन माझ्या मागं लपला. पंधरा-वीस पोरं काठ्या घेऊन मागनं आली आन पायरीशी थांबली. कशाला, तर चपला काढायला. तेवढाच काय तो वेळ मिळाला.

पप्पू खालनं म्हणला, "आई, ह्यानं आपल्या संस्कृतीला कायतरी चारलंय."

मी वळून बघितलं. संस्कृती, माझी नात, मांडवात बसलेली, तोंड काळंनिळं. नीट बघितलं तर हातात पानाचा द्रोण आन द्रोणात करवंदं. त्यो माणूस सांगाय लागला, नाव सावळेराम, भीमाशंकराकडनं एसटीनं करवंदं इकायला आलोय, पोरगी टकामका बघत व्हती म्हणून मूठभर दिली.

मी इचार केला न्हाई. वीणा काढली, त्याच्या गळ्यात घातली आन त्याच्या पाया पडले. पोरं जागच्या जागी थांबली. मी सुनेला, वृषालीला, पोलिसांना फोन लावाय सांगितला. गाडी निघाली म्हणले. गाडी येईस्तोवर वीणा सोडू नको, असं मी सावळेरामाच्या कानात सांगितलं. त्यो नाव घ्यायला लागला. त्याच्या कपाळाचं रगत तारांवर टपकत व्हतं आन मी रस्त्याकडं बघत व्हते.

गाडी काय येईना. बाराला बाळासाहेब आला, आंघोळ करून, बुक्का लावून. फळ्यावर पुढचा पहारा त्याचाच व्हता. त्यानं पोरांकडं बघितलं बी न्हाई. सरळ येऊन सावळेरामाच्या पायावर डोकं ठेवलं, उठला आन हात पुढं केलं.

"द्या, माउली."

"देऊ नको," मी म्हणले.

सावळेराम माझ्याकडं बघून हसला. येड्याला धीर आला व्हता. "आई, पाया पडलेला माणूस मारंल व्हय?" म्हणला. मग खाली वाकला, बाळासाहेबाच्या पाया पडला आन वीणा त्याच्या गळ्यात घातली.

बाळासाहेबानं वीणा छातीशी धरली, आमच्याकडं पाठ केली आन देवाकडं तोंड करून मोठ्यानं नाव घ्यायला लागला. पोरं वर चढली. मी सावळेरामाचा हात दोन्ही हातांनी धरला. दोघांनी माझी बोटं वढली, मला म्हातारीला, पण मी सोडला न्हाई. मग पप्पू पुढं आला. त्याचं तोंड पांढरं पडलेलं.

"आई, सोड," त्यो माझ्या कानाशी म्हणला. "न्हाईतर उद्या आपल्या दारात येतील. ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय."

संस्कृती मांडवातनं बघत व्हती. सावळेराम बी माझ्याकडंच बघत व्हता.

मी हात सोडला.