बेण्णे की एण्णे

माझं कानडी बोलणं चांगलं आहे. लिहिणं मात्र येत नाही. सीमाभागातल्या कोळारच्या आमच्या कारखान्यात ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. एका बाजूला करडईचा घाणा, दुसऱ्या बाजूला वाफेच्या दोन कढया. पहिल्या कढईत मालकांचं, म्हणजे श्रीपतरावांचं, नवं खूळ शिजायचं. लोण्यात करडईचं तेल मिसळून, गार करत घुसळून केलेलं मऊ लोणी. फ्रिजमधून काढलं तरी लगेच भाकरीवर पसरतं. आमच्या घरांत लोणी फ्रिजपर्यंत पोचायला उरतं कुठं, हे मी त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या कढईत निव्वळ तूप. तिथं तेलाचा थेंब चालत नाही. पण लोणी काय, तेल काय, दोन्ही जायचं सारख्याच पांढऱ्या बादल्यांतून. म्हणून नियम केला होता की कुठल्या कढईत काय टाकायचं ते पाटीवर लिहायचं, मराठीत आणि कानडीत. नियम मीच सुचवलेला. कानडी काशप्पा लिहायचा.

त्या दिवशी काशप्पा लग्नाला आळंदला गेला होता.

माझी शाळा नववीत सुटली. तूप तपासायचं यंत्र मी बघून बघून शिकले. तुपाची पहिली मोठी खेप त्याच दिवशी दुपारी एकच्या गाडीनं हैदराबादला गेली, की तपासणीची खोली माझ्या हाती द्यायचं श्रीपतरावांनी कबूल केलं होतं. अर्जात 'कानडी लिहिता येते' असं मी ठणकावून लिहिलं होतं. आज ना उद्या शिकणारच होते.

दहा वाजता मी खडू हातात घेतला आणि पाटीसमोरून परत फिरले. सिद्धव्वा बादल्या भरत होती. आठ दिवसांपूर्वी लागलेली, मराठी अजिबात न समजणारी. घाणा धडधडत होता, माझ्या तोंडावर मास्क. मी ओरडून सांगितलं, "एरडने कढाईगे बेण्णे हाकु." दुसऱ्या कढईत लोणी टाक. तिनं मान हलवली.

कानडीत लोणी म्हणजे बेण्णे आणि तेल म्हणजे एण्णे. मधे फक्त दोन ओठांचं काम. ते ओठ मास्कच्या आत मिटले की नाही, मला आजही सांगता येत नाही.

बारा वाजता तुपाचा थेंब यंत्राच्या काचेवर ठेवला आणि डोळा लावला. आमचं तूप बेचाळीसच्या आसपास येतं, तेल मिसळलं की आकडा चढतो. आकडा सेहेचाळीस होता. काच पुसली, नवा थेंब घेतला. सेहेचाळीस. तिसऱ्यांदा पुसली, आणि तिसऱ्यांदाही तेच.

श्रीपतरावांचा पुतण्या तानाजी यंत्रं सांभाळतो. त्यानं पळी नाकाला लावली. "पंचशीलाकाकू, वास बघा, रंग बघा. खाणारा काय काच घेऊन बसायलाय?"

मी त्याला मालकांना बोलवायला लावलं. श्रीपतरावांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. मग सिद्धव्वाला कानडीत विचारलं, शेवटच्या बादलीत काय होतं. तिनं रिकामी बादली पुढं केली. तळाशी पिवळं तेल चकाकत होतं. अक्कानं सांगितलं तेच टाकलं, माझ्याकडे बघून म्हणाली. अक्कानं एण्णे म्हटलं.

"तुम्ही बेण्णेच म्हटलं असंल," श्रीपतराव मराठीत मला म्हणाले. "हिला सांगा, उद्यापासून येऊ नको."

कानडी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण वाईट बोलायचं काम ते नेहमी दुसऱ्याला देतात.

सिद्धव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. "एनंतारे अक्का?" काय म्हणतात, तिनं विचारलं. पदराला हात पुसत होती, जणू आणखी एक बादली आणायची असेल तर तयार असावं म्हणून.

बाहेर गाडी येऊन लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खोलीची चावी माझ्या कमरेला होती, सकाळीच आगाऊ मिळालेली. नुसतं भाषांतर करायचं होतं. चार शब्द. वडिलांनी माझं नाव पंचशीला ठेवलं तेव्हा पाच शीलांतलं चौथं, खोटं न बोलायचं, मला एवढं जड जाईल असं त्यांना वाटलं नसणार.

"अण्णा, पाटी कोरी आहे," मी श्रीपतरावांना म्हणाले.

"मंग?"

"काशप्पा न्हाई. लिहायचं काम माझं होतं."

"कामून लिवलं न्हाई?"

"मला कानडी लिहायला येत न्हाई."

तानाजी हसला, मग काकांकडे बघून पळी पुसायला लागला.

"अर्जात लिवलंय की तुम्ही."

"खोटं लिवलंय."

  श्रीपतरावांनी तानाजीला सांगितलं, गाडी रिकामी पाठव, म्हणावं आज माल न्हाई. माझ्यापुढं हात केला. मी चावी सोडवून त्यावर ठेवली.

सिद्धव्वानं पुन्हा विचारलं, "एनंतारे?"

श्रीपतराव दोन पावलांवर उभे होते. मी कानडीत म्हणाले, "पाटीवर बेण्णे लिही म्हणतायत. उद्यापासून हे काम तुझं."

एका खोट्याची भरपाई दुसऱ्या खोट्यानं. वडील असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

तिनं खडू घेतला. सावकाश, शाळेतल्यासारखं, गोल गोल अक्षरं काढली. श्रीपतरावांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चावी खिशात टाकली आणि गाडीवाल्याशी बोलायला बाहेर निघून गेले. सिद्धव्वाला काही बोलले नाहीत.

मी सेहेचाळीसच्या कढईवर लाल खडूनं फुली मारली. मग पाटीपाशी आले आणि सिद्धव्वाच्या अक्षराखाली तसलंच एक गिरवलं.

तिनं मान तिरकी करून ते बघितलं, बोटानं पुसलं, आणि खडू पुन्हा माझ्या हातात दिला.