अंजिराचा चीक
देठ मोडला तिथे चिकाचा थेंब आला, पांढरा, घट्ट, आणि तिच्या अंगठ्यावर ओघळून थांबला. तो पुसायचं तिला सुचलं नाही. कुंडीतल्या झाडाला तीन वर्षांत पहिल्यांदाच धरलेली ही दोन अंजिरं – हिरवी, मानेशी निमुळती – आणि त्यातलं एक तिने आज तोडलं, कारण माहेरच्या घराची दुसरी किल्ली परत न्यायला वहिनी येणार होती, आणि आईच्या अंजिराची चव सांगू शकेल असं माणूस आता तेवढंच उरलं होतं. दादाने अंजिराला कधी हात लावला नाही, बियांनी त्याला मळमळायचं... विचारायचं तर हिलाच, याचा तिला मनस्वी संताप आला.

माहेरच्या अंगणातलं आईचं ते झाड वहिनीनेच पाडलं होतं. आईला जाऊन महिना झाला नव्हता – मुळं गटारात शिरतात, गांधीलमाश्या येतात, कारणं तयारच होती. ती माहेरी पोचली तेव्हा फाटकापाशी फांद्यांचा ढीग, आणि शेजाऱ्यांनीही आपलं अंजीर छाटून त्याच ढिगावर टाकलेलं. तिने हाताला लागल्या तशा आठ काड्या उचलल्या. कुंडीत लावल्यावर सात कुजल्या, एक जगली. कुणाच्या झाडाची? रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याला पानं नेऊन दाखवली तर तो हसला. म्हणाला, पानावरून अंजीर ओळखायचं म्हणजे चपलेवरून माणूस ओळखायचं, फळ येऊ द्या आणि जुन्या झाडाचं खाल्लेल्या कुणाला तरी विचारा. मी खाल्लंय की, असं ती ठसक्यात म्हणाली होती. मी खाल्लंय. नोकरीसाठी मी घर सोडलं त्या वर्षी आईने ते लावलं, आणि पुढे दर सुट्टीत मी गेले की हिरवी अंजिरं साखरेच्या पाकात शिजवून वाटी भरून पुढ्यात ठेवायची... पण आता चव आठवायला जावं तर जिभेवर नुसती साखर येते.

वहिनी आली, चहा नको म्हणाली, किल्ली पर्समध्ये टाकली. या बाईपुढे तोंड वेंगाडायची वेळ यावी – पण तिने बशी पुढे सरकवली आणि विचारलं, हे आपल्याच झाडाचं का.

वहिनीने फळ दाबून पाहिलं. देठाशी अजून चीक होता. तो बोटाला लागला तशी तिने बोट झटकन कोपराला पुसलं. कोपराला. आई तसंच करायची – चीक बोटांना झोंबतो, कोपराची कातडी जाड. ही लकब हिने कधी उचलली?

‘वन्सं, कच्चंच तोडलंत. यावरून काय सांगणार? आईंचं पिकलं की काळंजांभळं व्हायचं.’

‘हिरवंच असायचं. मी दर वर्षी पाहिलंय.’

‘तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले की पिकायचं. तुम्हाला सांगू नको म्हणायच्या, उगाच हळहळेल. आम्ही दोघी पायरीवर बसून खायचो.’

‘मग पाडलंत कशाला?’

वहिनीने पर्सची चेन ओढली. ‘त्या वर्षीही पिकायला लागलं होतं,’ ती म्हणाली, ‘आणि पायरीवर मी एकटी.’ दुसरं पिकलं तर बोलवा, असं दारातून म्हणून ती निघून गेली.

अंगठा आता चांगलाच झोंबत होता. खोटं बोलत असेल. खोटंच असलं पाहिजे... पण कोपर? ते काही माझ्यासाठी मुद्दाम रचून आणता येत नाही. उरलेलं अंजीर भिरकावून द्यायला म्हणून ती गॅलरीत गेली, आणि तीन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती काडी शेजाऱ्यांचीच निघावी, जांभळं होऊच नये हे फळ, असं तिला मनापासून वाटलं. दोन आठवडे. तिने फळाला हात लावला नाही. कुंडीची फळाची बाजू तेवढी तिने उन्हाकडे फिरवली.