तोबऱ्यातली खडी

संक्रांतीची थंडी लालबागेत उतरली की तबेल्यातल्या घोड्यांच्या अंगात वारं शिरायचं. वर्षभर मान खाली घालून व्हिक्टोरिया गाड्या ओढणारी गरीब जनावरं. पण गार वारा नाकात गेला की शेपट्या उभारून गिरणीमागच्या मैदानात उधळायची. कुणाच्या हाती लागायची नाहीत.

त्यात कुशाबाची पाखरी सगळ्यांत अवखळ. अंगानं तांबूस, कपाळावर चांदणी. कुशाबाची बायको जाईबाई जात्यावर तिच्यावरसुद्धा ओव्या गायची:

गार वारं सुटलं गं, पाखरी नाचं दारी,
पायांत न्हाई चाळ, तरी वाजं भुई सारी.

त्या सकाळी पाखरी तासभर कुशाबाला मैदानभर नाचवत होती. तो गळ्यात घालायची दोरीची मोरखी पाठीशी लपवून जवळ जायचा, ती चार हातांवर येऊ द्यायची आणि गिरकी घ्यायची. तिकडं माहीमची एक बाळंतीण दवाखान्याच्या दारात त्याच्या गाडीची वाट बघत बसलेली.

"तोबरा वाजव की लेका," तबेल्यातला जुना गाडीवान दौलतमामा म्हणाला. तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या चंदीच्या पिशवीत, हरभरे खुळखुळले की कसलंही घोडं चालत येई, आणि आलं की त्याला दोन घास द्यायचेच, ही तिथली रीत.

"चंदीच्या पेटीला कुलूप घालून जाईबाई बाजारात गेलीया, मामा. आता कुठं हुडकू तिला?"

कडेला रस्त्याच्या कामाची बारीक खडी पडली होती. कुशाबानं दोन ओंजळी तोबऱ्यात टाकल्या आणि हलवल्या. खुळूक, खुळूक. पाखरीचे कान उभे राहिले. लाडात दुडक्या चालीनं आली आणि तोबऱ्यात तोंड खुपसलं. दातांखाली दगड करकरले तोवर मोरखी गळ्यात पडली होती.

कोंडीराम गाडीवाला खोकला येईतो हसला. "कुशाबा, खडीवर घोडी पोसतोस व्हय? आमालाबी शिकीव."

दौलतमामा तेवढा हसला नाही. "आज गावली. पुन्हा कशी गावंल?"

"जनावराच्या काय ध्यानात ऱ्हातंय, मामा."

संध्याकाळी जाईबाईनं पाखरीच्या फाटलेल्या ओठाला हळद लावली. "अवं, माणसाला फसवायचं हुतं. त्याला तोंड हाय, भांडला तरी असता."

चार दिवसांनी हरताळ पडला. मुंबई महाराष्ट्राचीच म्हणत माणसं रस्त्यावर उतरली. गिरण्यांचे भोंगे मुके झाले, ट्रामा थांबल्या, नाक्यानाक्यावर दगडांच्या राशी लागल्या, मागोमाग संचारबंदी आली. जाईबाईचा पिठाचा डबा रिकामा झाला. चंदीच्या पेटीत तळाला शेरभर हरभरे तेवढे उरले. बांधलेली जनावरं थंडीनं फुरफुरत जागच्या जागी टापा आपटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर बार झाला. पाखरीनं दावं तोडलं आणि थेट रस्ता गाठला.

एवढा मोकळा रस्ता तिनं जन्मात पाहिला नव्हता. ना गाडी, ना माणूस. ती ट्रामच्या रुळांवरून उड्या घेत सुटली. कुशाबा उरलेले सगळे हरभरे तोबऱ्यात ओतून मागं धावला. नाक्यावर बंदूकवाल्या पोलिसांची लॉरी उभी होती. त्यांचा साहेब खाली उतरला.

"तुझी घोडी?"

"व्हय सायेब. गरीब हाय. निस्ती थंडी शिरलीया अंगात."

"पाच मिनिटं देतो. माझ्या माणसांवर आली तर गोळी घालीन."

कुशाबानं तोबरा हलवला. खुळूक, खुळूक. पाखरी थांबली. कान उभारले. दहा पावलं पुढं आली आणि तिथंच खुरानं रस्ता उकरत राहिली.

"ये गं बाय. ये माजी पाखरी."

ती येईना. मग त्यानं मूठभर हरभरे तळहातावर धरले. "बघ, हरभरंच हायती. आईची आन, हरभरंच हायती."

पाखरीनं मान लांब केली. ओठावरची खपली त्याला दिसली. तिचा ऊन श्वास तळहातावर आला आणि त्याचा दुसरा हात तिच्या गळ्यातल्या मोरखीकडं गेला. ती चमकली, मागच्या पायांवर उभी राहिली, वळली आणि लॉरीच्या दिशेनं सुटली.

एकच बार झाला. पाखरी रुळांवर गुडघे टेकून बसली, मग आडवी झाली.

"सायेब, पाच मिनिटं झाली न्हवती," कुशाबा म्हणाला.

"घड्याळ माझ्याकडे आहे," साहेब म्हणाला. "बाजूला हो."

दिवेलागणीला चाळीत जाईबाईनं तोबऱ्यातले हरभरे निवडून पातेल्यात ओतले.

"शिजवू नगं," कुशाबा म्हणाला.

"मग काय खायचं? दोन दिस चूल थंड हाय."

हरभरे शिजले. तिनं मीठ टाकून त्याच्यापुढं ताटली सरकवली. वास आला तसं पोटानं ऐकलं नाही. एक घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला दाढेखाली कर्र झालं.

"खडा लागला व्हय?" जाईबाई म्हणाली. "निवडून घेतलं हुतं की मी. थुंका."

कुशाबा थुंकला नाही. खडा गालात धरून त्यानं पुढचा घास घेतला.