उतारावरची काटकसर

आमच्या घरात दोन पंथ होते. माझी डर्ट बाइक टू-स्ट्रोक, बायकोची फोर-स्ट्रोक. डोंगरातल्या पाण्याच्या पाइपलाइनवर आम्ही दोघं गस्तीला. माझी गाडी हलकी, तरतरीत आणि पेट्रोल पिण्यात बकासूर. तिची जड, शांत, संसारी. गस्त संपायची त्या व्हॉल्वघरापाशी माझी अर्धी टाकी उडालेली असायची, तिची जेमतेम पाव. मग मी परत फिरायचो आणि ती पुढे तळं बघायला जायची.

संध्याकाळी चहा घेताना ती तळं सांगायची. पाणी कडेला हिरवं, मध्ये काळंभोर. ढग खाली उतरले की पक्षी त्यांच्यातूनच पोहत जातात. मी डोळे मिटून ऐकायचो, आणि मग झोपेत माझी गाडी त्या काठाने आवाज न करता फिरत राहायची. तिच्या मागे बसून जाता आलं असतं, पण टू-स्ट्रोकवाला बायकोच्या मागे बसतो होय? पेट्रोलचा डबा बांधून नेणं तर त्याहून लाजिरवाणं.

मग बदली आली. दुसऱ्या दिवशी कायमचं निघायचं होतं. ते तळं एकदा तिच्यासोबत बघायचंच, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेवटच्या गस्तीच्या सकाळी सगळीकडे धुकं. मी गाडी इतकी जपून हाकली की ती म्हणाली, "अंडी घेऊन निघालायस का?" व्हॉल्वघरापाशी टाकी हलवून पाहिली, तर पाऊण भरलेली. माझी छाती फुगली. पुढे लांब उतार होता. अजून वाचवावं म्हणून मी गाडी गिअरमध्येच ठेवून थ्रॉटल बंद केला. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, पेट्रोल बंद तर ऑइलही बंद, हे मला मिसरूड फुटल्यापासून ठाऊक. पण तळ्याच्या नादात विसरलो. इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकून घसरलं. टाकीत पेट्रोल डुचमळत होतं आणि गाडी मुकी.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," ती म्हणाली. "बस मागे."

बसलो. गाडी संथ चालली होती, पांढऱ्यात पांढरं मिसळत होतं, तिच्या पाठीची ऊब लागत होती. मला झोपच येऊ लागली. तेवढ्यात फाटा आला आणि ती थांबली.

"कुठली वाट?" मी विचारलं.

"मला काय माहीत."

"अगं, मग ते पाणी? ते पक्षी?"

"पुढच्या खिंडीत बसून मनानेच रचायचे. एकटीला बघावंसं वाटेना."

"मग माझ्याबरोबरच परत फिरायचंस."

"तुझ्यापायी मी तळं सोडलं म्हणून तू गाडी विकली असतीस. माझ्यासाठी. आणि जन्मभर तोंड पाडून बसला असतास."

मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी तिच्या पाठीवर डोकं टेकवलं.

"डावीकडे घे," मी म्हणालो, जणू रोज तिकडेच जातो.