जयाचे मूळ कागद: अंगणवाडीच्या वजनकाट्याची कैफियत

मित्रांनो, मारेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या अंगणवाडीत खिडकीशेजारी लटकलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. गोल तबकडी, मधोमध काटा आणि खाली हूक. हुकाला झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचे आणि काटा थांबेल तिथला आकडा वाचायचा. एकोणीस वर्षे मी हेच केले.

कारखान्यातून मी इथे आलो तेव्हा हंसाबाई नुकत्याच सेविका झाल्या होत्या. कमी वजनाच्या मुलांची नावे त्या लाल शाईने लिहीत. एकदा वरून आलेले एक साहेब वही चाळून म्हणाले, "एवढं लाल काहून? प्रत्येकाचं अर्धा किलो वाढवून लिवा."

हंसाबाईंनी पेन खाली ठेवला. "काटा खोटं बोलत नाही साहेब, तं मी कायले बोलू?"

त्यांची लेक जया तेव्हा तिथेच झोळ्यांच्या घड्या घालत होती. त्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले. बाळाला काय खाऊ घातले की काटा पुढे सरकतो? आईने नीट खाल्ले नाही तर बाळाचे काय होते? पुढे बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आणि मी धूळ खात पडलो. त्याचे मला वाईट वाटले. पण खरा संताप आला तो मागच्या जूनमध्ये.

जया बारावी पास झाली होती. तिला आहारशास्त्राची पदवी घ्यायची होती. यवतमाळच्या एका अनुदानित कॉलेजात तो अभ्यासक्रम होता आणि फीही झेपण्यासारखी होती. पण तिथला अर्ज भरण्याआधीच अंगणवाडीसमोर एक पांढरी गाडी थांबली. स्वतःला रजत सर म्हणवणारा एक माणूस उतरला. हातात दुसऱ्याच कॉलेजची गुळगुळीत माहितीपुस्तिका.

"ताई, फीचं टेन्शनच घेऊ नका. पूर्ण स्कॉलरशिप हाये. फक्त मूळ मार्कशीट अन् टीसी द्या, सीट पक्की करतो."

हंसाबाईंनी विश्वासाने कागद दिले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

आठ दिवसांनी जया मारेगावहून तणतणत आली. तिथे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या अतियाने शिष्यवृत्तीच्या यादीत ते कॉलेज शोधले होते. नावच नव्हते.

"याडी, तो पदवीचा कोर्सच नाही!" जया आईला म्हणाली. "विद्यापीठाची मान्यता नाही, तं शिष्यवृत्ती कुठून भेटन? अन् यवतमाळच्या कॉलेजात शुक्रवार शेवटचा दिवस हाये. तिथं मूळ कागद लागतात."

हंसाबाईंनी लगेच फोन लावला. पलीकडून थंड आवाज आला, "प्रवेश रद्द करायचा असन, तं आधी वर्षाची फी भरा. मग कागद न्या."

मित्रांनो, बारा वर्षे अभ्यास करून मिळवलेला कागद दाबून ठेवायचा आणि तिच्याच आईकडे पैसे मागायचे! याला काय म्हणायचे?

हंसाबाई रडत बसल्या नाहीत. शेजारच्या जमनीने त्यांच्या सांगण्यावरून त्या माणसाला फोन केला, "माह्या पोरीलेही शिकवायचं हाये. गुरुवारी या."

गुरुवार वजनाचा दिवस होता. कडेवर लेकरे घेतलेल्या पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. गाडी थांबताच त्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या.

जयाने विचारले, "सर, तुमचं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं?"

"ते... प्रोसेस चालू हाये."

"माह्या लेकीचे कागद दे," हंसाबाई म्हणाल्या.

"ऑफिसात हायेत, ताई."

जमनीने गाडीचे मागचे दार उघडले. सीटवर कागदांचा गठ्ठा होता. एकट्या जयाचे नव्हे, नऊ मुलींचे मूळ कागद! जयाने एकेक नाव मोठ्याने वाचले. बाया गाडीभोवतून हलल्या नाहीत. तो माणूस घामाने भिजला.

"हे नऊच्या नऊ इथंच राहतीन," हंसाबाई म्हणाल्या. तो गाडीत बसून निघून गेला.

शुक्रवारी पहिल्या एसटीने मायलेकी यवतमाळला गेल्या. जयाचा प्रवेश झाला, शिष्यवृत्तीचा अर्जही भरला गेला. वसतिगृहाची यादी मात्र तोवर बंद झाली होती. म्हणून पहिले दोन महिने ती अतियाच्या आत्याकडे, हुस्नाबींकडे राहिली.

बाकीच्या मुलींना हंसाबाईंनी फोन करून कागद पोचवले. सहा जणींचे प्रवेश वेळेत झाले. दोघींच्या तारखा निघून गेल्या होत्या. त्या आज कापूस वेचायला जातात. त्यांचे वर्ष कोण परत देणार? पोलीस ठाण्यात तक्रार दिली, कुणीतरी ती लिहून घेतली, आणि ती पांढरी गाडी अजून फिरतेच आहे.

माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल, मित्रांनो. पण तुमचे मूळ कागद जपा. ज्या कॉलेजात खरोखर प्रवेश घेणार, तिथे स्वतः जाऊन ते दाखवा. गोड बोलणाऱ्या कुणाच्या हाती ते देऊ नका. मान्यता कुणाची, शिष्यवृत्ती कोणती, पदवी कोण देणार, हे चारचौघांत मोठ्याने विचारा. विचारायला लाजू नका. लाज त्याला वाटली पाहिजे.