थिओफिलस, उठून उभा राहा!

सरोवराकाठच्या टोर्कोर गावात, मासळी बाजारामागच्या मैदानात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मंडप भरला तेव्हा माणसं काठाला ओढून ठेवलेल्या होड्यांवर चढून बसली. लाउडस्पीकरच्या दणक्यानं धुरी दिलेल्या माशांच्या टोपल्या थरथरत होत्या. व्यासपीठावर पांढऱ्या सुटात येरझाऱ्या घालत होता मेजर प्रॉफेट गॉडस्वे. तो कुठल्याही सैन्यात कधी नव्हता. 'मेजर' ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला दिली होती.

समोर उघडलेल्या जाडजूड बायबलमध्ये त्यानं नजर टाकली, डोळे मिटले आणि हात वर केला.

"नाव दिसतंय मला! अग्नीच्या अक्षरांत! कम्फर्ट... कम्फर्ट यावा अग्बेको! कुठे आहेस, उभी राहा!"

मधल्या रांगेतली एक मासेवाली किंचाळत उठली.

"आपण कधी भेटलोय?"

"नाही बाबा, कधीच नाही!"

"मग तुझं नाव मला कुणी सांगितलं?"

"देवानं!" उत्तर तिच्या आधी गर्दीनंच दिलं.

"आणि देव सांगतो, तुझ्या कमरेत दुखतंय!"

डोक्यावर माशांचे हारे वाहणाऱ्या बाईची कमर दुखते, हे कळायला स्वर्ग उघडावा लागत नाही. पण नाव? मंडपात शिरताना स्वयंसेवक प्रत्येकाचा फोन नंबर विचारून घेत, 'आशीर्वादाचे संदेश पाठवायला'. नाव मात्र कुणीच विचारत नसे. त्याचंच तर सगळ्यांना नवल होतं.

मावूसी मांडीवर मुलीला घेऊन बसली होती. एलिनामला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. कळा सुरू झाल्या की पोर हातपाय आखडून ओरडायची. मावूसीचा नवरा सरोवरात बुडाल्यापासून सासू आणि सून, दोघींनीच तिला जपलं होतं. सून मासे विकायची. सासू, आब्लाआजी, पोरीला वेळेवर गोळी द्यायची, सतत पाणी पाजायची. त्या दिवशीही ती पाण्याची बाटली धरून शेजारीच बसली होती.

"एक आई दिसते मला, मांडीवर आजारी लेकरू!" प्रॉफेट गरजला. "ग्लॅडिस आब्ला सोसू! ऊठ, माते!"

मावूसी उठली नाही. उठली आब्लाआजी, गोंधळून.

"मी आहे ग्लॅडिस," ती पुटपुटली.

"ही माझी सासू आहे, बाबा," मावूसी म्हणाली.

प्रॉफेट क्षणभर थांबला. मी नुसता बघायला आलो होतो, समोरच उभा होतो. मला तो थांबलेला दिसला. मग त्यानं मावूसीच्या अंगावरचे विधवेचे काळे कपडे पाहिले आणि त्याचा आवाज एकदम चढला.

"देव चुकतो का? मी लेकराच्या आईला हाक मारली, आणि उठलं कोण? जी त्या लेकराचं रक्त पिते ती! मुलगा कुणी खाल्ला हिचा? आता नात खातेय! चेटकीण! हिच्या हातची गोळी विष आहे. फेकून दे, आणि माझं तेल चोळ!"

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिलंच पाहिजे. कालपर्यंत जिला 'आजी, आजी' म्हणत होते, त्याच म्हातारीवर माणसं तुटून पडली. धुरीच्या भट्टीतलं लाकूड तिच्या हातावर बसलं. मावूसी रडत होती. मध्ये पडली नाही.

जुन्या मिशनच्या चर्चमधल्या रेव्हरंड आकोफा दोत्से यांनी आब्लाआजीला उचलून आपल्या घरी नेलं. पाळकबाई आठवडाभर धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवतात, रविवारी उपदेश करतात. संध्याकाळी मी चौकशीला गेलो तेव्हा आजीचा हात झोळीत होता.

"ग्लॅडिस!" आजी कडवटपणे म्हणाली. "बाप्तिस्म्याचं नाव गं ते. त्यानंतर त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. देवालाही तेच बरं आठवलं!"

पाळकबाई चमकल्या. त्यांनी आपला फोन काढला.

"आजी, मावूसीच्या फोनचं कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच. तिचं ओळखपत्र आलं नव्हतं तेव्हा, म्हणून माझं दिलं."

"मासे घेतले की मी तिला फोनवरून पैसे पाठवते," पाळकबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "नंबर टाकला की पडद्यावर विचारतं, 'ग्लॅडिस आब्ला सोसू यांना पाठवायचे?' मी हो म्हणते. दर वेळी वाचते आणि दर वेळी विसरते." त्यांचा आवाज रागानं चढला. "तुम्हीही विसरता. सगळा बाजार विसरतो!"

त्यांनी चर्चच्या पंचांना सांगितलं, "मला त्या मंडपात जायचंय." पंच हबकले. "कशाला, बाई? आधीच आपली निम्मी बाकं रिकामी झालीत. वाद घातला तर उरलेलीही जातील."

"म्हातारीचा हात मोडला तेव्हा तुम्ही बाकं मोजत होता?" बाई कडाडल्या. "आणि चेटकीण हा शब्द त्या ठगानं नवा आणला नाही. पहिले मिशनरी आले आणि आपल्या सगळ्या देवांना एकच नाव देऊन गेले, सैतान. त्या सैतानाला राहायला घर हवं होतं. आपण त्याला म्हाताऱ्या बायका दिल्या. याचं उत्तर आपणच द्यायचं."

पुढच्या रविवारी पाळकबाई साध्या कपड्यांत गेल्या. प्रॉफेट आणि त्याचे स्वयंसेवक परगावचे, त्यांनी बाईंना ओळखलं नाही. दारात त्यांनी नंबर दिला, पण स्वतःचा नव्हे.

थोड्या वेळानं प्रॉफेटनं बायबलात पाहिलं, डोळे मिटले.

"थिओफिलस! थिओफिलस कोजो दोत्से! उठून उभा राहा!"

कुणी उठेना. ते नाव ओळखणाऱ्या लोकांत मात्र चुळबुळ सुरू झाली.

"लाजू नकोस, थिओफिलस! देवानं तुझी बंद दारं उघडलीत. याच महिन्यात तुला परदेशाचा व्हिसा मिळणार!"

पाळकबाई उठल्या. "मी त्यांची बायको. साक्ष द्यायची आहे."

"हालेलूया! माईक द्या मातेला! कुठे आहे तुझा नवरा?"

"मिशनच्या कबरस्तानात," बाई म्हणाल्या. "आंब्याखाली. त्यांना उठून उभं करा, मेजर. ते उठले तर मी आत्ता तुमची शिष्या होते."

मग होड्यांवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, व्हिसा मिळालाय ना, येईल विमानानं!" आणि हशा फुटला.

"सैतान बोलतोय! माईक बंद करा!"

माईक बंद झाला. पण मिशनच्या चर्चमध्ये वीज कधी असते, कधी नसते. बाईंचा आवाज त्यातच तयार झालेला.

"दारात मी दिला तो माझ्या नवऱ्याचा नंबर, त्यांचं कार्ड मी अजून चालू ठेवलंय! सगळ्यांनी फोन काढा! पैसे पाठवायचा पर्याय उघडा, शेजाऱ्याचा नंबर टाका. गुप्त आकडा टाकू नका, फक्त वाचा!"

कम्फर्टच्या शेजारणीनं नंबर टाकला आणि तिचे डोळे विस्फारले. "कम्फर्ट यावा अग्बेको! अगं, हे तर मी रोज बघते!"

"मग देव आहेस का तू?" तिच्या मागची म्हणाली.

मंडपभर नावं वाचली जाऊ लागली. बँडमधल्या ढोलवाल्यानं पुढे होऊन ते बायबल उचललं. चामड्याच्या कव्हरात पानं नव्हतीच, टॅब्लेट होता. त्यावर नंबर आणि त्यांच्यापुढे नावं. मंडपामागे बसलेला एक माणूस ती एकेक करून पाठवत होता. मेजर मागच्या दारानं गाडीकडे पळाला. शूर शिपाई!

मावूसी हसली नाही. आठवडाभर तेल चोळलेली एलिनाम तिच्या खांद्यावर कण्हत होती, अंग तापलेलं. मावूसी तिला तशीच घेऊन पळत पाळकबाईंच्या घरी आली आणि सासूच्या पायांशी वाकली.

"पायाला हात लावू नकोस," आब्लाआजी म्हणाली. "गोळी दिलीस पोरीला?"

"फेकल्या, आई. सगळ्या."

"मग इथे काय करतेस? दवाखान्यात चल!"

झोळीतला हात सावरत म्हातारी मोटारसायकलवर सगळ्यांच्या आधी चढली. डॉक्टरांनी रक्त चढवलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, हे त्यांनी मावूसीला तोंडावर सांगितलं.

एलिनाम वाचली. आजी रोज सकाळी येते, गोळी देते, पाणी पाजते आणि पाळकबाईंकडे परत जाते. मावूसीनं पुष्कळ विनवलं. आजीचं उत्तर एकच: "मी पोरीची आजी आहे. तुझी सासू होते."

मेजर प्रॉफेट आता सरोवराच्या पलीकडे मंडप घालतो. 'टोर्कोरमध्ये सैतानानं फोन बिघडवले' असं तो सांगतो, आणि इथले काही जण अजून होडी करून त्याच्याकडे जातात. लाकूड मारणारा कोण, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पोलिसांत नाव सांगायला कुणी तयार नाही.

देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाळकबाई मानतात, मी मानत नाही. आमचं त्यावरून भांडण नाही. पण कुणी आजाऱ्याची गोळी थांबवायला सांगतो, एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवतो, तेव्हा ती कुणाची खासगी श्रद्धा राहत नाही. तिथे उभं राहून विचारा: तुला हे कसं कळलं? आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.